ऑनलाइन मानसोपचारतज्ज्ञ: कोणाला अनुभव आहे का? (भावासाठी विचारते आहे)

मृण्मयी_व
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा काढायची ही पहिलीच वेळ. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. शिमग्याला घरी वेंगुर्ल्याला आला तो परत गेलाच नाही. आधी वाटलं, दमलाय, राहील चार दिवस. आता तीन महिने झाले. पहाटे तीनला उठून पडवीत येऊन बसतो. जेवायला हाक मारली की येतो, चार घास खातो, ताट विसळून ठेवतो. भांडण नाही, रडणं नाही, काहीच नाही. परवा आईने सरंग्याचं सार केलं. मासे म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोन घास खाऊन म्हणाला, "चवच लागत नाही गो." त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

आईचं म्हणणं, कोणाची तरी नजर लागली. देवळात गाऱ्हाणं घालून झालं. बाबा म्हणतात, नोकरी लागली की आपोआप बरा होईल. कुडाळला डॉक्टरांना दाखवूया म्हटलं तर म्हणतो, तिथल्या बाकड्यावर बसलो की संध्याकाळपर्यंत गावभर होईल. रत्नागिरीचं नाव काढलं तर उठूनच गेला. आमच्या भागात 'हेका रत्नागिरीक धाडूक व्हया' हे कशासाठी म्हणतात ते इथल्या कोकणातल्यांना सांगायला नको, तिथे मनोरुग्णालय आहे. शेवटी काल रात्री स्वतःहून म्हणाला, "फोनवर डॉक्टर मिळत असेल तर बोलेन."

तर विचारायचं असं की, फोनवर बघून डॉक्टरांना खरंच कळतं का? औषधं लिहून देतात का, आणि ती आमच्या इथल्या मेडिकलमध्ये मिळतील का? समोरचा खरा डॉक्टर आहे हे ओळखायचं कसं? ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी असे उपचार घेतलेत त्यांनी कृपया लिहा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

विसूनाना
जरूर बोला. त्याने स्वतःहून हो म्हटलंय, ही वेळ दवडू नका. बाकीचे प्रश्न सुटत राहतील, अपॉइंटमेंट आजच घेऊन टाका.

कल्याणी७
मृण्मयी, मी घेतलेत उपचार. मुलगी दोन महिन्यांची असताना मला रात्रंदिवस वाटायचं की माझ्या हातून तिला काहीतरी होणार. तिला आंघोळ घालताना हात थरथरायचे. डॉक्टर ऑनलाइन मिळाल्या आणि चांगल्या मिळाल्या. पण एक गोष्ट आधी सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. बोलायला बसणार कुठे, ते आधी ठरव.

आमचं डोंबिवलीला वन बीएचके. सासू-सासरे, नवरा, बाळ. पहिल्या वेळी मी बाथरूममध्ये नळ सोडून बोलले. डॉक्टरांना नळाचाच आवाज, मला बाहेरची चाहूल. अर्धं बोलणं गिळलं. दुसऱ्या वेळी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे. तिकडे बरं होतं, पण दिवस उन्हाळ्याचे. शेजारच्या काकू कुरडया वाळत घालायला वर आल्या आणि मी नेमकी तेव्हाच रडत होते. काकूंनी बघितलं, पाट तिथेच जिन्यात ठेवला आणि म्हणाल्या, "तू बोल, मी नंतर घालते." पुढचे दोन महिने दर शनिवारी अकरा ते साडेअकरा त्या कोणालाही गच्चीवर येऊ देत नव्हत्या. काय चाललंय ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्या बऱ्या होण्यात त्या बाईंचाही वाटा आहे.

भावासाठी अशी जागा शोध, जिथे त्याचा आवाज दुसऱ्या कोणाच्या कानावर पडणार नाही.

डॉ_अनघा
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सोलापुरात प्रॅक्टिस करते. माझे बरेचसे जुने रुग्ण आता व्हिडिओवरच भेटतात. मृण्मयी, तुझ्या भावाचं निदान मी इथे करणार नाही, ते योग्य नाही. पण तू जे लिहिलंस, पहाटे तीनला जाग, आवडत्या गोष्टीची चव जाणं, तीन महिने, हे 'आपोआप बरं होईल' म्हणून थांबण्यासारखं नाही. डॉक्टरांना दाखवण्याचं तुझं ठरतंय ते अगदी बरोबर आहे.

व्हिडिओवर कळतं का? बरंचसं कळतं. आमच्या शाखेत स्टेथोस्कोपपेक्षा बोलणं आणि बघणं जास्त. मी रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसायला सांगते. चेहरा, बोलण्याचा वेग, प्रश्न आणि उत्तर यांच्यातला वेळ, हातांची चाळवाचाळव, हे सगळं दिसावं लागतं. फोन हातात धरून बसलेल्या माणसाचे हात मला दिसत नाहीत, म्हणून फोन कुठेतरी टेकवून ठेवायला सांगते.

काय कळत नाही तेही सांगते. वजन किती उतरलंय, अंगाला काय वास येतो, नाडी, रक्तदाब. थायरॉइड कमी असेल, बी-१२ कमी असेल किंवा रक्त कमी असेल तर माणूस असाच मलूल होतो. म्हणून पहिल्या भेटीनंतर मी रक्ततपासणी लिहून देतेच. जवळच्या लॅबमध्ये ती होते, रिपोर्ट फोनवर येतो. जो डॉक्टर तपासणीचं नावही काढत नाही त्याला तुम्हीच विचारा.

नियमांचं म्हणाल तर २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून हे सगळं रीतसर आहे. डॉक्टर नोंदणीकृत हवा आणि प्रिस्क्रिप्शनवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या यादीत तुम्ही स्वतः बघू शकता. पहिल्याच भेटीत नैराश्याची औषधं लिहायची तर व्हिडिओवर माणूस बघणं आवश्यक आहे, नुसत्या चॅटवर ती लिहिता येत नाहीत. शेड्यूल एक्समधली, म्हणजे सर्वात कडक नियंत्रणातली औषधं ऑनलाइन अजिबात देता येत नाहीत. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ औषधं लिहीत नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे आणि तितकंच मोलाचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला सरळ विचार, "तुला जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार डोक्यात घुसत नाही. उलट माणसाला वाटतं, कोणीतरी शेवटी विचारलं. तो 'हो' म्हणाला तर ऑनलाइनच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी थेट दवाखान्यात न्या. आणि उत्तर काहीही येवो, बागेच्या फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच कुलुपात ठेवा, किल्ली तुझ्याकडे.

विसूनाना
अनघाताई, फवारणीच्या औषधाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. हे घरोघर असतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

निनाद७८
इथे सगळे ऑनलाइनच्या बाजूने लिहितायत म्हणून माझा अनुभव. मी नाशिकचा, वय ४६.

तीन वर्षांपूर्वी मला उदास वाटायला लागलं. एका अ‍ॅपवर डॉक्टर गाठला. आठ मिनिटं. घड्याळ स्क्रीनवरच होतं म्हणून सांगतोय. झोप, भूक, कामात लक्ष, असे पाच-सहा प्रश्न, आणि नैराश्यावरची गोळी सुरू. पंधरा दिवसांत मी टणाटण. महिन्याभराने तर काय विचारता! रात्री दोन तास झोपून ताजातवाना. पहाटे चारला मित्रांना धंद्याच्या कल्पना पाठवायचो. फॉलोअपला डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं. तेही खूश. गोळी चालू ठेवा म्हणाले. पुढच्या तीन आठवड्यांत मी नोकरीचा राजीनामा दिला, द्राक्षाची बाग करारावर घेतली आणि बायकोचे दागिने गहाण टाकले.

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह. नुसती नैराश्याची गोळी, मूड स्थिर ठेवणारं औषध सोबत नाही, त्यामुळे मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता मागे वळून बघितलं तर विशीतही असे दोन महिने येऊन गेले होते. माझ्या मोठ्या काकांना 'वारं आहे' म्हणायचे. पण हे मला कोणी विचारलं नाही आणि सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

बायको त्या काळात शेजारच्या खोलीत होती. तिला सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी एक वाक्य म्हटलं असतं, "घरातल्या कोणाला तरी बोलवा", तर ती आत येऊन दोन मिनिटांत सांगून गेली असती. माझा राग ऑनलाइनवर नाही. आजारी माणूस स्वतःबद्दल सांगतो ते अर्धंच असतं, आणि तेवढ्या अर्ध्यावर औषध ठरलं, याचा राग आहे.

मृण्मयी_व
निनाददादा, वाचून अंगावर काटा आला. आता कसे आहात? माझ्या भावाला हे कसं ओळखायचं?

निनाद७८
आता बरा आहे गं. लिथियमवर आहे, ते मूड स्थिर ठेवणारं औषध. रात्री नऊला गोळी, तपासणीच्या दिवशी सकाळी नऊला रक्त द्यायचं, कारण पातळी बघायची तर मध्ये बारा तास जावे लागतात. किडनी आणि थायरॉइडही अधूनमधून बघतात. गंमत म्हणजे आताचे डॉक्टरही मला बहुतेक वेळा व्हिडिओवरच भेटतात. पण पहिली भेट समोरासमोर झाली, पाऊण तास, आणि त्यातली वीस मिनिटं बायकोशी. मानसिक आरोग्य कायद्यात आपला प्रतिनिधी आपणच नेमून ठेवता येतो. मी तिला लेखी नेमलंय. पुन्हा उधळलोच तर तिने माझ्या वतीने बोलायचं.

डॉ_अनघा
निनाद, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या बाबतीत जे राहून गेलं ते दवाखान्यातही राहून जातं. गर्दीच्या ओपीडीत आठ मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. पण चूक ती चूकच.

मृण्मयी, ओळखायचं काम तुझं नाही, सांगायचं काम तुझं. तीन गोष्टी कागदावर लिहून ठेव. पूर्वी कधी असे दिवस होते का, की झोप कमी, बोलणं जास्त, खर्च जास्त, आणि तो स्वतःच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळाच होता? घरात, दोन्हीकडच्या नात्यात, कोणाला मनाचा आजार, दारू किंवा असं काही? आणि पुण्यात असताना काही नशा, झोपेच्या गोळ्या, जागरणासाठी काही घेत होता का? तिसरा प्रश्न तो तुझ्यासमोर टाळेल, म्हणून तेवढं डॉक्टरांनी एकट्याला विचारावं. तुझ्याशी बोलण्याआधी डॉक्टरांनी त्याची परवानगी घेतली पाहिजे. तो सज्ञान आहे आणि गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे.

भाऊ_मेडिकलवाले
औषधं मिळतील का, याचं उत्तर मी देतो. ३१ वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो.

फोनवर आलेलं प्रिस्क्रिप्शन चालतं. त्यावर डॉक्टरचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, सही, पेशंटचं नाव, वय आणि तारीख हवी. यातलं काही नसेल तर आम्ही औषध देत नाही आणि देऊ नये. शक्यतो प्रिंट काढून आणा. फोनमधला फोटो मोठा करून करून गोळीचं नाव वाचायचं म्हणजे ५ चे १५ व्हायला वेळ लागत नाही. मनाच्या गोळ्यांत नावं एकमेकांच्या जवळची असतात.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे शेड्यूल एच-वनमध्ये येतात. त्यांची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरात करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. म्हणून दुकानदार चार प्रश्न विचारतो. तो तुमच्यावर संशय घेत नसतो, कायदा पाळत असतो. याच गोळ्या 'ओळखीवर' मागणारे रोज येतात. पहिल्यांदा झोप लागते, मग सवय लागते. ओळखीवर घेऊ नका, द्यायलाही लावू नका.

आणि गावात नको असेल तर औषध सावंतवाडीहून आणा. लाज म्हणून सांगत नाही. पोराचं मन राखायला.

राजा_शेवगाव
भाऊ, तुमचा मान राखून सांगतो. लपवालपवीला आपणच खतपाणी घालतोय असं नाही वाटत? सावंतवाडीहून आणा, टाकीमागे बसा, मांजरासारखं चोरून दूध प्या. शुगरची गोळी कोणी दुसऱ्या गावाहून आणतं का? मी स्वतः दर महिन्याला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जातो, केसपेपर काढतो, रांगेत बसतो. एकदा तिथे आमच्या शाळेचे सर भेटले. दोघंही दोन मिनिटं गप्प. मग ते म्हणाले, "तुला कोणती चालू आहे?" त्या दिवसापासून आम्ही एकत्र जातो, येताना भजी खातो. बाकड्यावर बसल्याशिवाय ही भेट झाली नसती.

कल्याणी७
राजाभाऊ, तुमचं पटतं. सरांचं वाचून डोळे भरून आले. पण तुम्ही बाकड्यावर बसलात तेव्हा तुमच्या पायांत उठून जायचं बळ होतं. पहिल्या आठवड्यात मला अंथरुणातून उठून दात घासणं म्हणजे डोंगर होता. मला तेव्हा कोणी 'रांगेत बस, लाज सोड' म्हटलं असतं तर मी गेलेच नसते. आधी जीव तगू दे. लाज नंतर सोडता येते.

राजा_शेवगाव
मान्य. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ओवी_जर्सी
थोडं अवांतर, पण भाषेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी न्यू जर्सीत असते. इथे पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे लागतो. भारतातले नियमही देशाबाहेर बसलेल्या पेशंटसाठी नाहीत. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन चालत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. मग इथली डॉक्टर शोधली, व्हिडिओवरच. बाई फार चांगल्या. पण मी त्यांना 'हुरहूर' कशी सांगू? संध्याकाळी दिवेलागणीला पोटात जे कालवतं ते? मी इंग्रजीत 'अँग्झायटी' म्हणायचे, त्या आकड्यांत विचारायच्या, एक ते दहामध्ये किती? मी सहा म्हणायचे. सहा म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही.

चार महिन्यांनी त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात मराठी बोलणाऱ्या, इथलाच परवाना असलेल्या समुपदेशक मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जीव रमत नाही का?" मी पंधरा मिनिटं नुसती रडले. मृण्मयी, तुझा भाऊ ज्या भाषेत 'चव लागत नाही गो' म्हणाला ना, ती भाषा कळणारा डॉक्टर शोध. ऑनलाइनचा खरा फायदा मला तोच वाटतो.

विसूनाना
ओवी, दिवेलागणीचं अगदी खरं. आमची आजी त्याला 'कातरवेळ खायला उठते' म्हणायची.

भाऊ_मेडिकलवाले
दुकानात येणारे काय सांगतात ते ऐका. 'डोक्यात मुंग्या येतात', 'छातीत भाता चाललाय', 'अंगात जीव नाही', 'धास्ती बसलीय', 'पाण्यातून आवाज आल्यासारखं वाटतं'. 'डिप्रेशन आलंय' म्हणत येणारे अलीकडचे. पूर्वी सगळे टॉनिकच मागायचे.

तन्मय_के
एक प्रश्न. माझा चुलत भाऊ, वय १९, रोज रात्री एआय चॅटबॉटशी बोलतो. म्हणतो तो कधीच कंटाळत नाही, कोणाला सांगत नाही. ते चालेल का?

डॉ_अनघा
त्याला बोलावंसं वाटतंय हे चांगलं, त्यावर रागावू नका. पण तो त्याचा उपचार नव्हे. २०२० च्या त्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाचं समुपदेशन करायचं नाही आणि औषधही लिहायचं नाही. डॉक्टरला मदत करायला ती वापरता येते, इतकंच. कंटाळत नाही हे खरं. पण तीन दिवस तुमचा भाऊ बोललाच नाही तर त्याच्या घराचं दार वाजवायला चॅटबॉट जाणारही नाही.

रात्री-अपरात्री माणसाशी बोलायचं असेल तर १४४१६ सांगा. टेलि-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आधी समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात. मृण्मयी, तूही हा नंबर भावाच्या फोनमध्ये टाकून ठेव. तुझ्याही फोनमध्ये. शुभंकरालाही रडू येतं.

सुमनकाकू_ठाणे
अनघा, 'शुभंकर' शब्द वाचला आणि लिहायला बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मनाचा आजार असलेला तो शुभार्थी, आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. मी अठरा वर्षं शुभंकर आहे. मुलगा आता ४१ चा. स्किझोफ्रेनिया.

आमच्यासाठी ऑनलाइन म्हणजे काय ते सांगते. त्याला क्लोझापिन हे औषध सुरू झालं तेव्हा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं, पांढऱ्या पेशी कमी होतात का ते बघायला. तेव्हा हे व्हिडिओ वगैरे नव्हतं. दर आठवड्याला त्याला रिक्षात बसवायचं, तो वाटेत उतरायचा, पुन्हा बसवायचं. घरी येईपर्यंत दोघं अर्धमेली. आता रक्त घ्यायला मुलगी घरी येते, रिपोर्ट डॉक्टरांना जातो आणि ते त्याच्याशी दहा मिनिटं फोनवर बोलतात. तो आपल्या खुर्चीत, आपल्या उशीला टेकून असतो. शांतपणे उत्तरं देतो. दवाखान्यात तो कधीही इतका बोलला नाही.

पण दर तिसऱ्या-चौथ्या महिन्याला डॉक्टर त्याला समोर बोलावतातच. मागच्या वेळी समोर गेलो तेव्हा त्यांनी चालताना बघून ओळखलं की त्याचे हात हलत नाहीत, अंगाला ताठरपणा आलाय. औषध बदललं. फोनवर तो खुर्चीतच बसलेला, चालताना कोण बघणार?

मृण्मयी बाळा, जमेल तेवढं ऑनलाइन कर, पण दर वेळी खोलीच्या दाराबाहेर तू आहेस हे त्याला माहीत असू दे. आत नको. दाराबाहेर.

पेंडुरकर
मृण्मयी, आमी शेजारचेच. आईचं कसं करायचं ते सांगतो, कारण औषध घरात आल्यावर खरा प्रश्न तिथे येणार. माझ्या मावशीने घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्या तुळशीत टाकल्या होत्या.

आईच्या विरोधात जाऊ नकोस. आम्ही काय केलं, मावशीलाच पुढे घालून देवळात गेलो आणि कौल लावायला सांगितला की डॉक्टरचं औषध चालू करू का. गुरवाला आधी काहीही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. उजवा कौल झाला. त्यानंतर तीच रोज सकाळी अंगारा लावून गोळी हातावर ठेवायची. दोन वर्षांत एक दिवस चुकली नाही. आमच्याकडे सगळे म्हणतात, देवाने प्रिस्क्रिप्शनवर सही केली.

विसूनाना
आणि डावा झाला असता तर?

पेंडुरकर
नाना, तर पुन्हा गाऱ्हाणं घालून 'तपासणीपुरतं तरी जाऊ का' असं विचारलं असतं. देव कोकणातलाच, माणसाची अडचण समजतो.

निनाद७८
इन्शुरन्सचं कोणी लिहिलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा देणं बंधनकारक आहे. पण साध्या पॉलिसीत बहुधा भरती झाल्यावरचा खर्च मिळतो, असा फोनवरचा सल्ला आणि महिन्याच्या गोळ्या मिळत नाहीत. पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघ. आणि पैशाची अडचण असेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर फुकट भेटतात, तेही बघून ठेव.

मृण्मयी_व
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, अकरा दिवस झाले. खूप काही घडलं.

अनघाताईंनी सांगितलं तसं मी विचारलं. दोन दिवस धीर होत नव्हता. शेवटी विहिरीवर तो पाणी शेंदत होता तेव्हा विचारलं. कळशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मरायचा विचार नाय येणा. पण सकाळी उठूक नको, असा वाटता." मग आम्ही दोघं तिथेच कठड्यावर बसलो. फवारणीचे डबे त्याच संध्याकाळी मी शेजारच्या काकांच्या कुलुपात ठेवले. हे वाक्य मी डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला सांगितलं.

डॉक्टर मालवणी समजणाऱ्या मिळाल्या, मूळच्या देवगडच्या. नंबर यादीत तपासला. जागा म्हणजे आमच्या कलमांच्या बागेतला मांगर, म्हणजे राखणीची खोली. तिथे कोणी फिरकत नाही आणि कौलं काढली तिथून रेंज येते. पहिल्या भेटीत ४० मिनिटं. मी सुमनकाकू म्हणाल्या तशी बाहेर, दहा पावलांवर, आंब्याखाली. आतून बराच वेळ आवाजच नाही. मग त्याचं बोलणं ऐकू यायला लागलं, शब्द नाही कळले, पण तीन महिन्यांत तो सलग इतका बोललाच नव्हता. शेवटी त्यानेच हाक मारली, "ताई, तुका बोलावतत." मी अनघाताईंचे प्रश्न कागदावर नेले होते. बाबांच्या धाकट्या आत्याचं मला आईकडून नव्यानेच कळलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, हे सांगितलंत ते फार बरं झालं, मी औषध त्या हिशोबाने सुरू करते आणि दर आठवड्याला बघते. आणि महिन्याच्या आत एकदा समोर यायचं, असंही त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, बी-१२ बरंच कमी. एक छोटी गोळी सुरू आहे, सोबत बी-१२. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, मधेच थांबवायची नाही असं सांगितलंय. सहा दिवस झाले. अजून तसा फरक नाही, पहाटेची जाग आहेच. सकाळी मळमळतं.

आईने कौल लावला नाही. ती म्हणाली, डॉक्टर देवगडची आसा मां, मग काय विचारूचा? गोळी देव्हाऱ्यात ठेवते मात्र.

डॉ_अनघा
मृण्मयी, विहिरीवरचं वाक्य पहिल्या मिनिटाला सांगितलंस हे फार मोलाचं. तसं पुन्हा कधीही काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. मळमळ पहिल्या आठवडा-दहा दिवसांत बऱ्याच जणांना होते, खाल्ल्यावर गोळी घेतली तर कमी होते. पण वेळ बदलायची का ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि बेचैनी अचानक वाढली, झोप पूर्ण उडाली किंवा तो उगाच फार उत्साहात दिसायला लागला, तर तेही लगेच कळवायचं.

निनाद७८
आत्याचं सांगितलंस. शाब्बास.

मृण्मयी_व
विचारते ताई. सोमवारी पुढचा व्हिडिओ आहे. फोन टेकवायला मांगरात काहीच नाही. मागच्या वेळी त्याने हातातच धरला होता, डॉक्टर दोनदा म्हणाल्या हात दिसू देत.

सुमनकाकू_ठाणे
बादली उलटी घाल, त्यावर तांदळाचा डबा, त्याला फोन टेकव. आम्ही तसंच करतो.